आपल्या दाराशी एक मांडवी असू द्या

बडोद्याच्या मांडवीवरून आपण रोज जातो. लहेरीपुऱ्याकडून आलं की समोर ती कमानींची चौकोनी इमारत. सरळ गेलं की पाणीगेट, डावीकडे चांपानेर दरवाजा, उजवीकडे गेंडीगेट. दिवाळी जवळ आली की तिथे पाय ठेवायला जागा नसते. नाव मात्र आपण इतकं सवयीने घेतो की त्याचा अर्थ विचारायचं राहून जातं. मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं. आलेला माल उतरवायचा, तोलायचा, गोणीत काय आहे आणि किती आहे ते विचारायचं, मगच तो पुढे सोडायचा, अशी जागा.

हेच दोन प्रश्न आपण आपापल्या घराच्या उंबऱ्यावर विचारायला लागावं, यासाठी हे लिहिते आहे. यात काय आहे? किती आहे? आणि तिसरा प्रश्न मी माझ्याकडून जोडते. हे दोन पदार्थ एकत्र आल्यावर आपापले राहतील, की तिसरंच काही होऊन बसेल?

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आठवी-नववीच्या पुस्तकात मिश्रणाचा धडा असतो. मुलं तो दोन दिवसांत उरकतात, कारण तो सोपा वाटतो. समांगी, विषमांगी, द्रावण, निलंबन, कलिल अशी पाच नावं पाठ झाली की परीक्षेपुरतं काम झालं. पण सोनं घेताना, आजारी लेकराला साखर-मिठाचं पाणी देताना, बाप्पाचं विसर्जन करताना आणि न्हाणीघर घासताना, चारही वेळा हाच धडा कामाला येतो. चौथ्या वेळी तर जीव वाचवतो.

आधी मिश्रण म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या बडोद्याची शेव-उसळ डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्रातल्या भावंडाचं तर नावच मिसळ. वाटाणा वाटाणाच राहतो, शेव शेवच राहते, कांदा वेगळा दिसतो, तेलाची तरी वर तरंगते. एका चमच्यात शेव जास्त येईल, दुसऱ्यात वाटाणे. सगळीकडे सारखं नाही, म्हणून हे विषमांगी मिश्रण. त्याच वाटीतल्या रश्शाचं पाणी घ्या. त्यात मीठ आहे, पण ते कुठे आहे ते बोटाने दाखवता येणार नाही. पहिल्या घोटाला जितकं खारट तितकंच शेवटच्या घोटाला. ते द्रावण, म्हणजे समांगी मिश्रण. दूध या दोघांच्या मधलं. डोळ्यांना ते एकजीव दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात तरंगणारे चरबीचे बारीक थेंब दिसतात. ठेवलं की साय वर येते ती म्हणूनच.

या सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या आहेत. मिसळलेल्या पदार्थांनी आपला स्वभाव सोडलेला नाही. त्यांचं प्रमाण कितीही असू शकतं. मीठ चिमूटभर घाला की मूठभर, मिश्रण ते मिश्रणच. आणि खटपट केली तर ते पुन्हा वेगळे करता येतात. संयुगाचं तसं नसतं. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एकच अणू असतो. तिथे प्रमाण ठरलेलं आहे आणि हायड्रोजन किंवा ऑक्सिजन कुणाचाच मूळ स्वभाव उरलेला नाही.

प्रमाण कितीही असू शकतं, ही मिश्रणाची खूण नीट लक्षात ठेवा. भेसळ याच फटीतून आत येते.

मांडवी, घडियाळी पोळ, महात्मा गांधी रस्ता हा आपला सोन्याचा बाजार. धनत्रयोदशीला आपण तिथे उभे असू. दुकानात आपण ज्याला सोनं म्हणतो ते जवळजवळ नेहमी मिश्रण असतं. शुद्ध, २४ कॅरेटचं सोनं इतकं मऊ असतं की रोजच्या वापराची बांगडी त्यात टिकत नाही. म्हणून त्यात तांबं, चांदी, कधी जस्त मिसळतात. २४ भागांपैकी २२ भाग सोनं असेल तर ते २२ कॅरेट. टक्केवारीत ९१.६, आणि दागिन्यावर आकडा ९१६. १८ कॅरेटवर ७५०. वितळवून ढवळून ओतलेला हा मिश्रधातू समांगी असतो, कुठेही कापला तरी आतलं प्रमाण तेच. सुरसागरातल्या शिवमूर्तीवर सोन्याचा मुलामा आहे. तिथे सोनं फक्त वरच्या थरात आहे. बांगडीत ते सगळीकडे आहे, पण सगळं तेच नाही. हा फरक लेकीसुनांना जरूर सांगा.

समांगी मिश्रणाची अडचण हीच की ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. २० कॅरेट आणि २२ कॅरेट शेजारी ठेवले तर मलाही सांगता येणार नाही. पूर्वी सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर कस लावून, त्यावर तेजाब टाकून अंदाज बांधत. अनुभवी डोळा असेल तर तो अंदाज चांगला असतो, पण असतो अंदाजच. खरी तपासणी भट्टीत होते. सोन्याचा नमुना घेऊन त्यात मुद्दाम चांदी वाढवतात, इतकी की सोनं साधारण एक चतुर्थांश उरतं. मग शिशाबरोबर तापवून तांब्यासारखे हलके धातू काढून टाकतात आणि उरलेला गोळा पातळ पत्रा करून नायट्रिक आम्लात टाकतात. चांदी विरघळते, सोनं जसंच्या तसं राहतं. ते तोललं की हिशेब आला. सोनं वेगळं करायला आधी त्यात चांदी वाढवावी लागते, हे मुलांना नेहमी उफराटं वाटायचं. कारण साधं आहे. सोनं जास्त असेल तर ते चांदीला चारी बाजूंनी झाकून टाकतं आणि आम्ल तिच्यापर्यंत पोचतच नाही.

हे आपल्याला घरी करायचं नाही. त्यासाठी हॉलमार्क आहे. २०२१ च्या १६ जूनपासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा पाहा: भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि तो सहा जागांचा क्रमांक. दुकानातलं भिंग मागून घ्या, लाजू नका. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. समोर बांगडी आहे आणि फोनवर अंगठी दिसते आहे, तर दागिना खाली ठेवा. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडाऊ काम यांना या सक्तीतून सूट आहे, म्हणून तिथे बिल जास्त बारकाईने करून घ्या: निव्वळ सोन्याचं वजन, कॅरेट, खड्यांचं वजन वेगळं, घडणावळ वेगळी. ‘केडीएम’ या तीन अक्षरांवर विसंबू नका. ते जोडाच्या डाकेत कॅडमियम वापरल्याचं नाव होतं, शुद्धतेची हमी नव्हे. कॅडमियम ७६७ अंशांवरच उकळतं आणि त्याची वाफ फुंकणी धरून बसलेल्या कारागिराच्या फुप्फुसात जाते. आपल्या मंगळसूत्रापायी कुणाची छाती जळू नये, एवढं तरी आपण पाहायला हवं.

आणि हॉलमार्क असूनही सोनं कमी निघालं तर? नियमाप्रमाणे कमी भरलेल्या शुद्धतेच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. पण त्यासाठी पक्कं बिल लागतं. दोन पैसे वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर सोनं घेऊ नका.

सोनारांच्या गल्लीतच वेगळं करण्याची विद्याही नांदते. दुकानासमोरची धूळ झाडून नेणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात, गुजराती शेजारी धूळधोया म्हणतात. ते धूळ पाण्यात घोळतात. माती हलकी, वाहून जाते. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, तळाशी बसतं. घनतेच्या फरकावर मिश्रण वेगळं करण्याचा याहून चांगला धडा मी कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिला नाही. पुढे मात्र काही जण पारा आणि आम्ल वापरतात. ते उघड्या चुलीवर, घरात, मुलांच्या शेजारी होत असेल तर त्यांना हात जोडून सांगा, पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि शरीरात गेल्यावर लवकर बाहेर पडत नाही.

या शहराला ही विद्या परकी नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, इथे कलाभवन सुरू झालं. ते उभारणारे त्रिभुवनदास गज्जर रसायनाचे प्राध्यापक होते आणि कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत शास्त्र शिकवावं यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ साली कुणी डांबर फासलं आणि ते कुणालाच निघेना, तेव्हा दगडाला धक्का न लावता डाग काढला तो याच गज्जरांनी. दोन गोष्टी चिकटलेल्या असताना एकीलाच हात लावायचा, दुसरीला नाही, ही रसायनाची खरी कारागिरी. पुढे गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या हातून १९०७ साली अलेंबिकचा कारखाना उभा राहिला. अलेंबिक म्हणजे अर्क काढण्याचं, ऊर्ध्वपातनाचं भांडं. तापवलं की जे आधी उडतं ते नळीतून पलीकडे जातं, मागे राहायचं ते राहतं. गोरव्याकडे जाताना रोज वाचतो ते नाव मिश्रण वेगळं करणाऱ्या भांड्याचं आहे.

आता प्रमाणाबद्दल. लेकराला जुलाब लागले की आपण ओआरएसची पुडी फोडतो. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटर. पेलाभर पाण्यात सगळी पुडी टाकून ‘जास्त गुण येईल’ असं समजणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांची माया खरी, पण ते द्रावण घट्ट झालं की शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि मूल आणखी कोरडं पडतं. पुडी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग नको, सपाट. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत असंच पाणी कालवून लोकांना पाजलं. तिथला मृत्यूचा दर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चारच्या खाली आला. साखर, मीठ, सोडा आणि पाणी यांच्या मिश्रणाने हे केलं, कारण प्रमाण बरोबर होतं. म्हणून सांगते, औषध, खत, जंतुनाशक, काहीही पाण्यात मिसळताना हाताचा अंदाज नको. माप घ्या.

स्वयंपाकघरातल्या भेसळीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी दोनच गोष्टी सांगते. हळद पेलाभर पाण्यावर भुरभुरवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकं पिवळं राहतं; रंग घातलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. दुधाचा थेंब तिरप्या गुळगुळीत ताटावर सोडा. चांगलं दूध हळू ओघळतं, मागे पांढरी रेघ ठेवतं; पाणी घातलेलं झरकन उतरतं. ताटावरच्या या चाचण्यांनी शंका येते, खात्री होत नाही. शंका आली की अन्न विभागाकडे नमुना द्या. शेजारणीपाशी कुजबुजून थांबू नका.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण खरा धोका तिथे आहे. दोन वस्तू एकत्र आल्या म्हणजे मिश्रणच होतं असं नाही.

गणपतीत आपण म्हणतो, शाडूची मूर्ती विरघळली. ती विरघळत नाही. मातीचे कण पाण्यात सुटे होतात, पाणी गढूळ होतं, रात्रीत माती तळाशी बसते. वरचं पाणी ओतून दिलं की तीच माती पुढच्या वर्षी पुन्हा हाताखाली येते. हे निलंबन, साधं मिश्रण. प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट निराळी. त्याच्या पावडरीत पाणी घातलं की ती पाणी धरून ठेवते आणि जिप्सम हे नवं संयुग तयार होऊन दगडासारखी घट्ट होते. मिसळताना भांडं गरम लागतं, ती याचीच खूण. हे पाणी वाऱ्यावर वाळवून निघत नाही. आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून तलावाच्या तळाशी मूर्ती वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. नवलखीचे कृत्रिम हौद त्यासाठीच आहेत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर घरगुती उपाय दिला. बेकरीत वापरतात तो अमोनियम बायकार्बोनेट मूर्तीच्या वजनाइतका पाण्यात घालायचा आणि मूर्ती त्यात ठेवून अधूनमधून ढवळायचं. साधारण ४८ तासांत तळाशी खडूसारखा चुना बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट राहतं, जे पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येतं. मात्र हे मोकळ्या हवेत करा, अमोनियाचा वास उग्र असतो. आणि त्या बादलीत ब्लीच पडू देऊ नका. तरीही पुढच्या वर्षी शाडूच आणा, एवढं माझं सांगणं.

ब्लीचचं नाव निघालं आहे तर आता तेच. आमच्या पोळात काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत एका वहिनींनी न्हाणीघराच्या फरशीवर अ‍ॅसिड ओतलं. डाग जाईनात म्हणून त्यावर ब्लीच ओतलं. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगलं होईल, हा त्यांचा हिशेब. जुन्या घरातलं न्हाणीघर, खिडकी नाही, दार पाणी उडू नये म्हणून लोटलेलं. दोन मिनिटांत त्या खोकत, डोळे चोळत बाहेर कोसळल्या. मी धावत गेले तेव्हा दारातूनच तो वास आला आणि माझेही डोळे भरले. त्या वाचल्या, पण पुढे किती तरी दिवस जिना चढताना थांबत होत्या. मी त्यांच्या शेजारी राहत होते, रसायन शिकवत होते, आणि हे त्यांना आधी कधी सांगितलं नव्हतं. ते मला अजून टोचतं. म्हणून आता सांगते आहे.

संडास-फरशी साफ करायच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. लिक्विड ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं, ब्लीचिंग पावडरीत त्याचंच कॅल्शियमचं भावंड. हे दोघे एकमेकांना भेटले की मिश्रण होत नाही, क्लोरीन वायू सुटतो. १९१५ सालच्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तोच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून जमिनीलगत साचतो, नेमका तिथे जिथे आपण उकिडवं बसून फरशी घासतो. डोळ्यांतल्या आणि छातीतल्या ओलाव्यात तो पुन्हा आम्ल तयार करतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी असाच विषारी वायू निघतो. व्हिनेगर, लिंबूसत्त्व हीसुद्धा आम्लंच, तीही ब्लीचमध्ये नकोत.

तेव्हा एका दिवशी एकच द्रव वापरा. आज अ‍ॅसिडचा असेल तर पुष्कळ पाण्याने धुवा, ब्लीच दुसऱ्या दिवशी. दार सताड उघडं ठेवा. एका बादलीत दोन बाटल्यांतलं कधीही ओतू नका, रंग सारखा असला तरीही. अ‍ॅसिड पातळ करायचं असेल तर पाण्यात अ‍ॅसिड, हळूहळू. अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. सुटं अ‍ॅसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणं आजपासून बंद करा. तहानलेलं मूल लेबल वाचत नाही. आणि घरकामाला येणाऱ्या बाईंना हे आधी सांगा, त्यांच्या हातात बाटली देण्याआधी. त्या तीन-चार घरांची न्हाणीघरं घासतात. धोका त्यांना आपल्याहून जास्त आहे.

तरी कधी चुकून झालंच, तर सांडलेलं पुसायला थांबू नका. श्वास रोखून बाहेर या, इतरांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, मोकळ्या हवेत बसा. डोळे साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. त्यावर तिसरं काही ओतून ‘मारायला’ जाऊ नका. दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा. लगेच बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण फुप्फुसाची सूज कधी कधी काही तासांनी चढते. ओतलेल्या दोन्ही द्रवांची नावं किंवा बाटल्यांच्या लेबलांचे फोटो सोबत न्या, म्हणजे काय पोटात-छातीत गेलं ते त्यांना विचारत बसावं लागणार नाही.

दिवाळीची साफसफाई अजून सुरू झाली नसेल, तर आज संध्याकाळी न्हाणीघरातल्या फळीवरच्या बाटल्या खाली उतरवा आणि चश्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचा. आम्लाच्या एका फळीवर, ब्लीचच्या दुसऱ्या, दोन्ही मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंच. ज्या बाटलीवर नावच नाही ती त्या फळीवर परत ठेवू नका.